अडथळा दूर करून पुन्हा सुरू करा

४ मार्च

ताई,

वरचा मायना तीनदा खोडला. आधी 'प्रिय' लिहिलं, ते आगाऊपणाचं वाटलं. मग नुसतं 'नमस्कार' लिहिलं, तर बँकेत अर्ज टाकल्यासारखं दिसायला लागलं. शेवटी लहानपणापासून जे म्हणत आलोय तेच ठेवलंय.

काल दाजींचा फोन आला. म्हणाले, "आईंचं घर रिकामं करतोय. तुझी ताई विचारतेय, ते झाडू मारणारं मशीन किमतीच्या लायकीचं आहे का? असेल तर कुणाला तरी देऊ, नाहीतर भंगारात टाकू." दहा महिन्यांत तुझ्याकडून आलेला हा पहिला शब्द, तोही दाजींच्या तोंडून. तू माझा फोन उचलत नाहीस, मेसेज बघत नाहीस. पाकीट निदान फोडून बघशील, म्हणून कागद घेतला.

तर मशीन. असल्याच प्रश्नांवर माझं पोट चालतं, हे तुला माहीत आहे. बारा वर्षं 'घेऊ की नको?' या सदरात मी लोकांना सांगत आलोय की हा मिक्सर घ्या, तो पंखा नको, ती इस्त्री सासूला द्या. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर नीट देतो.

धूळ ते चांगली ओढतं. केस तर फारच छान. पलंगाखाली माणूस वर्षातून एकदा नाइलाजाने वाकतो, तिथं ते रोज न कुरकुरता जातं. घराचा नकाशा स्वतःच काढतं आणि फोनवर दाखवतं. जिथं झाडून झालं तिथं निळा रंग भरतो, राहिलेली जागा पांढरी दिसते. मी पाचशे किलोमीटरवर ऑफिसात खुर्चीत बसून आईच्या घरात झाडू मारत होतो, आणि इथं माझ्या स्वतःच्या खोलीत कोळ्यांनी संसार थाटले होते. खोडीही आहेत. पायपुसणं दिसलं की बिचकतं, उंबऱ्याशी रुसून बसतं, चार्जरची वायर नूडल्ससारखी गिळतं. गोल असल्यामुळे कोपऱ्यात पोचत नाही, आणि घरातली खरी धूळ कोपऱ्यातच असते. फरशी सपाट, सामान बेताचं आणि खिसा बरा असेल, तर घ्यायला हरकत नाही. घरात एकटं म्हातारं माणूस असेल तर मात्र

ते राहू दे. तू दिलेल्या प्रश्नात ते नव्हतं.

माझं मत विचारशील तर भंगारात दे. चांगलं आहे तरी दे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना देऊ नकोस आणि कृपा करून चालू करून बघू नकोस. त्याच्यात जुने नकाशे साठलेले असतात, ते मी इथून पुसून टाकीन. तू त्या फंदात पडू नकोस.

आई कशी आहे? दाजी म्हणाले, आता उशांना टेकून बसते. मी त्यांना आणखी विचारणार होतो, पण त्यांना घाई असावी.

तुझा,
(काय लिहू ते सुचत नाही)

१२ मार्च

ताई,

तुझा निरोप मिळाला. "मी हो की नाही एवढंच विचारलं होतं, निबंध मागितला नव्हता." दाजींनी तो तुझ्याच आवाजात म्हणून दाखवला. कबूल करतो, मला हसू आलं आणि जरा बरंही वाटलं.

पण त्यानंतर ते जे म्हणाले ते ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळालं. तू राजीनामा देतेयस. एकतीस तारखेला शेवटचा दिवस. भिंगांच्या त्या कारखान्यात तू सव्वीस वर्षं काढलीस. बोटाने चाचपून कळणार नाही असा ओरखडा तू नुसत्या नजरेने धरतेस. एप्रिलपासून सगळा तपासणी विभाग तुझ्या हाताखाली येणार होता. दाजींनी कारण सांगितलं. तू म्हणतेस, त्या दिवशी साडेनऊला आईला फोन केला, तिने उचलला नाही, अंघोळीला गेली असेल म्हणून मी कामाला लागले आणि विसरले. माझ्यामुळे ती पाच तास फरशीवर पडून राहिली. आता तिला परक्या माणसावर सोडून कारखान्यात जायला माझे पाय कसे उठतील?

ताई, राजीनामा देऊ नकोस. तुझी चूक नव्हती. मला हे कसं माहीत, असं विचारशील. मला माहीत आहे.

सरळ सांगायचं धाडस होत नाहीये, म्हणून कडेकडेने सुरुवात करतो.

मशीन मी विकत घेतलं नव्हतं. आई साऱ्या जगाला सांगत सुटली, 'माझ्या पोराने एवढं महागाचं घेऊन दिलं', आणि मी तिला सांगू दिलं. ते कंपनीने परीक्षणासाठी पाठवलं होतं, फुकट. माझी खोली पडली दीड माणसाची, तिथं ते गिरकी घेऊन परत जागेवर आलं असतं. चाचणीला नीट घर हवं होतं. आईचं घर माझ्या डोळ्यांसमोर होतंच. तीन खोल्या, सपाट फरशी, एक उंबरा. अगदी मापात.

दुसरी गोष्ट मावशींची. चौदा वर्षं त्या रोज नऊच्या ठोक्याला झाडू-पोछ्याला येत होत्या. दार उघडायला जरा उशीर झाला तर जिना दणाणून सोडायच्या. त्यांना मी बंद केलं. तुला सांगितलं की आईलाच नको आहेत, त्यांच्या बडबडीने तिचं डोकं दुखतं. साफ खोटं. आईला त्यांची बडबड आवडायची. त्या झाडायच्या कमी आणि गल्लीभरच्या बातम्या जास्त द्यायच्या, आणि आई पाय वर घेऊन पलंगावर ऐकत बसायची. तू मला तेव्हाच म्हणाली होतीस, "मशीन आण ना, मावशी पण राहू देत. दोघं मिळून झाडतील." मी म्हटलं, बघू.

दोघं चालणार नव्हती, ताई. घर मावशींनी झाडलं की मशीनने झाडलं, ते मला कळलं कसं असतं? दोन महिने घरात दुसरा झाडू फिरायला नको होता. तरच परीक्षण खरं उतरणार होतं. त्या निरोप घेताना रडल्या, असं आईने फोनवर सांगितलं. मी माझ्या वहीत लिहिलं, 'चाचणी आजपासून सुरू'.

एवढंच सांगायला चार कागद फुकट गेले. अजून खरं ते राहिलंच आहे. तोवर राजीनाम्याच्या कागदाला हात लावू नकोस. हे मी कुठल्या तोंडाने सांगतोय ते मला कळतंय.

बारक्या

१५ मार्च

ताई,

तुझा निरोप नाही. दाजींचाही फोन नाही. मी वाट बघायचा हक्क गमावलाय, तरी टपालवाल्याची चाहूल घेत असतो.

आठवून बघ, आईने आयुष्यात कधी आपल्याला आपणहून फोन केलाय? तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून तिने दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. त्यातून तिच्या अंगात एक शिस्त मुरली. काम नसताना लाइन अडवायची नाही. "तुम्ही कामात असता. मला काय काम असतं?" आपण फोन केला की मात्र ठेवायला तयार नसायची. तुझा फोन रोज साडेनऊला जायचा. माझा आठवड्यातून एकदा, तोही आठवण झाली तर.

मशीन आल्यावर दुसऱ्याच आठवड्यापासून ते रोज दहाच्या सुमाराला अडकायला लागलं. माझ्या फोनवर संदेश यायचा, 'मशीन अडकले आहे. अडथळा दूर करून पुन्हा सुरू करा.' मी आईला फोन करायचो. "आई, तुझं कासव अडकलंय बघ." कासव हे नाव तिनेच ठेवलेलं. "हो का? अगंबाई! थांब, बघते हं. तू जेवलास का? आवाज बसलाय का तुझा? खाली शिंपीकाकांकडे नवीन शिलाई मशीन आलंय, दिवसभर खडखड चालते..." कासव राहायचं बाजूला आणि दहा मिनिटं निघून जायची.

पंधरा दिवस असं चाललं. वहीत मी लिहिलं, 'सपाट फरशीवर वारंवार अडकते. रचनेत दोष?' कंपनीला खरमरीत पत्र धाडलं. त्यांनी मेकॅनिक पाठवला. तो तासभर तिथं बसला, चहा घेतला आणि मला फोन करून म्हणाला, "साहेब, मशीनला काही झालेलं नाही. आजी त्याच्यासमोर पाय आडवा ठेवतात."

मी आईला विचारलं. आधी ती हसली. मग म्हणाली, "अरे, ते अडलं की तुझा फोन येतो."

ताई, ती हे इतक्या सहज म्हणाली! दिव्याचं बटण दाबलं की दिवा लागतो, तसं. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याला स्वतःचीच लाज वाटली असती आणि तो रोज दहाला फोन करायला लागला असता. मी काय म्हटलं ते ऐक. मी म्हटलं, "आई, तू माझी सगळी चाचणी बिघडवलीस. कंपनीपुढे माझी शोभा झाली. असं पुन्हा करायचं नाही. आणि यापुढे अडकलं तरी मी इथूनच बटण दाबून चालू करीन. तुला फोन करायची गरजच पडणार नाही."

"बरं," आई म्हणाली.

त्यानंतर रोज नाही, पण आठवड्यातून एकदा-दोनदा ते थांबायचंच. राहवत नसेल तिला. मी ठरल्याप्रमाणे बटण दाबायचो. त्याला एक सेकंद लागतो. फोनला दहा मिनिटं लागायची.

आता पुढचं तुझ्या लक्षात आलं असेल. आलं असेल तर ते पुढच्या पत्रात वाचण्याआधीच तुला कळलेलं बरं, म्हणजे मला लिहायला सोपं जाईल. बघ, अजूनही मी माझीच सोय बघतोय.

बारक्या

२० मार्च

ताई,

आज सकाळी पोस्टात जाऊन पाकीट आणि तिकीट आधी घेऊन आलोय. पत्ता लिहून ठेवलाय. आता आत कागद घातल्याशिवाय सुटका नाही.

त्या दिवशी ऑफिसात उन्हाळी अंकाची बैठक होती. कुठल्या पंख्याला किती तारे द्यायचे यावर घमासान चाललं होतं. मशीन रोजच्यासारखं नवाला आपोआप सुरू झालं. नऊ चाळीसला पहिला संदेश आला. मशीन अडकले आहे. मी टेबलाखाली फोन धरून बटण दाबलं. ते सुरू झालं.

सव्वादहाला दुसरा आला. दाबलं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी तिसरा आला. या वेळी फोन टेबलावरच होता. शेजारच्याने वाकून बघितलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आमच्या मातोश्रींचा खेळ सुरू झाला." आधीचा किस्सा मी त्यांना रंगवून सांगितलेला होता, त्यामुळे सगळे हसले. मीही हसलो. हसत हसत बटण दाबलं.

बाराला दहा कमी असताना चौथा आला. मी दाबलं, आणि त्या यंत्राचे संदेशच बंद करून टाकले. म्हणून पाचवा आला असेल तर तो मला माहीत नाही.

वेळा मी आठवून लिहिलेल्या नाहीत. फोनमध्ये नोंदलेल्या आहेत. दहा महिन्यांत त्या मी किती वेळा उघडून बघितल्या, ते विचारू नकोस. पहिल्या पत्रात 'चालू करून बघू नकोस, नकाशे मी पुसतो' असं लिहिलं ते याचसाठी. नकाशे अजून पुसलेले नाहीत. पुसवत नाहीत.

आता त्याहूनही वाईट सांगतो. बैठक संपली आणि मी परीक्षण लिहायला बसलो. दुपारी एकपर्यंत द्यायचं होतं. सोबत छापायला नकाशा हवा होता, म्हणून त्याच सकाळचा घेतला. ताजा होता. सगळं घर निळं, आणि स्वयंपाकघराच्या दारात एक लांबट पांढरी जागा. तिच्याभोवती मशीनच्या फेऱ्यांच्या रेषा अगदी सुबक वळलेल्या. मी त्याखाली लिहिलं, "दारात काही सामान पडलेले असावे. यंत्राने त्यास धक्का न लावता नेटका वळसा घातला. अडथळा ओळखण्याची क्षमता उत्तम." पाचपैकी साडेचार तारे दिले. अर्धा तारा कोपऱ्यांसाठी कापला.

अडीचला तुझा फोन आला.

शिंपीकाका दोन वाजता पडद्याचं माप घ्यायला वर गेले नसते, तर ती संध्याकाळपर्यंत तिथंच राहिली असती. डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड जोडता येतं, पण इतका वेळ पडून राहिल्याने मूत्रपिंडांना मार बसलाय आणि पायातली ताकद गेलीय, ती आता कितपत परत येईल ते सांगता येत नाही. ते 'इतका वेळ' म्हणाले आणि तू मान खाली घातलीस. मी तुझ्याकडे बघत होतो. तुला वाटलं, ते तुझ्याबद्दल बोलतायत. मला माहीत होतं, ते कुणाबद्दल आहे. त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही. दाजींसमोर, नर्ससमोर, त्या अख्ख्या व्हरांड्यासमोर म्हणालो, "चार गल्ल्यांवर राहतेस. फोन उचलला नाही तर उठून बघून यायला काय झालं होतं?"

 तू चष्मा काढून पुसत राहिलीस. माझा फोन माझ्या खिशात होता.

मी ते का म्हटलं, याचं उत्तर मी फार शोधलं. सापडलं ते फारच क्षुद्र आहे. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवण्याआधी मला कुणाकडे तरी दाखवायचं होतं, आणि तू सगळ्यात जवळ उभी होतीस.

तुझा फोन आईने एकदा उचलला नाही. मला ती चार वेळा बोलावत होती. मावशी असत्या तर नऊलाच दार ठोठावून त्यांनी बिल्डिंग गोळा केली असती, आणि मावशींना मी काढलं. यात तू कुठेच नाहीस, ताई. तू राजीनामा दिलास तर माझ्या गुन्ह्याची शिक्षा तू भोगशील, आणि मी इथं बसून पंख्यांना तारे देत राहीन. हे होऊ देऊ नकोस. माझ्यासाठी नाही सांगत. त्या खुर्चीवर तू सव्वीस वर्षांनी पोचतेयस.

ते परीक्षण छापून आलं, ताई. थांबवता आलं असतं. पण थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. लोकांनी ते वाचून मशीनं घेतली, मला आभाराची पत्रं पाठवली. परवा मी संपादकबाईंकडे गेलो आणि म्हटलं, ते काढून टाका. त्यांनी कारण विचारलं. दहा महिन्यांत पहिल्यांदा मी ते कुणाला तरी सांगितलं. त्यांनी हातातला अंक मिटून ठेवला. मग म्हणाल्या, "घरी जाऊन आलात?"

नाही, म्हटलं.

दवाखान्यातून तू आईला तुझ्याकडे नेलंस, तेव्हापासून मी तुझ्या दारात पाऊल ठेवलेलं नाही. सगळ्यांना वाटतं, तू येऊ देत नाहीस. मीही तसं वाटू दिलंय. तू कधी नको म्हणाली नाहीस. मीच आलो नाही.

हे आईला वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव. तिला काही आठवत नाही, असं दाजी म्हणाले होते. तसं असेल तर तिच्या मनातलं 'पोराने महागाचं घेऊन दिलं' तेवढं राहू दे, असं मला वाटतं. पण हे वाटणंही मला सोयीचं आहे, तेव्हा माझं ऐकू नकोस.

बारक्या

२७ मार्च

बारक्या,

तुझी चारही पत्रं मिळाली. शेवटचं तीनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्यानेच वाचलं आणि फाडायला घेतलं. ह्यांनी हातातून काढून घेतलं.

मला तुझा राग आहे. तू फार छान लिहितोस, त्याचाही राग आहे. स्वतःला शिव्यासुद्धा मापात आणि वळणदार अक्षरात घालतोस. दहा महिने मी रोज सकाळी साडेनऊला घड्याळाकडे बघायचं टाळतेय. काम करताना हातातलं भिंग सुटून फुटलं दोनदा. माझ्या हातून कधी भिंग फुटलं नव्हतं. ते तुझ्या पत्राने भरून येणार नाही.

राजीनामा सोमवारी परत घेतला. तू सांगितलंस म्हणून नाही. मला ती खुर्ची हवी होती म्हणून.

आईला पत्र वाचून दाखवलं. सगळं. मला वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, "मला माहीत आहे गं. मीच हाताने अडवत होते ना त्याला."

तिला सगळं आठवतं. पहिल्या दिवसापासून आठवतंय. आम्हाला म्हणायची, चक्कर आली, पुढचं काही कळलं नाही. मी विचारलं, मग खरं काय झालं ते सांग. तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. "फोन पलंगावर राहिलेला. वाजला तेव्हा तूच असशील हे कळलं, पण हलता येईना. मग कासव आलं. मी हात आडवा धरला. ते थांबलं, आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू झालं. म्हटलं, चला, बारक्याला कळलं. आता तो कुणाला तरी पाठवेल. बराच वेळ कुणी आलं नाही, म्हणून परत अडवलं. परत सुरू झालं. म्हटलं, येतील, माणूस यायला वेळ लागतो. खाली शिंपीकाकांचं मशीन चालू होतं, आवाज येत होता. मी ओरडले असते तर त्यांना ऐकू गेलं असतं. पण त्याला कळलंय म्हटल्यावर उगाच कशाला आरडाओरडा करायचा, काका घाबरले असते बिचारे."

म्हणून ती ओरडली नाही, बारक्या. पाच तास ती तुझ्यावर विसंबून गप्प पडून होती.

मी विचारलं, हे दहा महिने का दडवलंस? म्हणाली, "तो स्वतःला खात बसला असता." म्हणजे तू स्वतःला खाऊ नयेस म्हणून मला स्वतःला खाऊ दिलं. हे मी तिला तोंडावर बोलले.  तिला ते सुचलंच नव्हतं. तू लांब, म्हणून तुझी काळजी. मी जवळ, म्हणून मी ठीकच असणार. त्या दुपारी मी तिच्याशी बोलले नाही. संध्याकाळी तिने आपणहून माझा हात धरून ठेवला.

यातलं तुला काही लिहू नको, असं ती मला दोनदा सांगून झाली. मी लिहिलं. तिला वाटतं, तू हे ऐकून मोडशील. मला वाटतं, तुला माहीत असायला हवं. मोडलास तर मोड, पण इथं येऊन मोड. तिथं बसून पत्रं लिहीत मोडू नकोस.

मावशींच्या घरी गेले होते. आधी दार लावून घेतलं त्यांनी. मग उघडलं. परवापासून सकाळी नऊ ते दोन आईजवळ बसायला येतायत. आल्या आल्या जे बोलायला लागल्या ते दोनला जिना उतरेपर्यंत थांबल्या नाहीत. आई खूप हसली. मशीन शिंपीकाकांना दिलं, भंगारात नाही. दोन दिवसांत त्याने एवढे दोरे गिळले की चाकंच फिरेनात. काका कात्रीने सोडवत बसतात आणि तरी म्हणतात, बरं आहे. किमतीच्या लायकीचं आहे की नाही ते आता त्यांनाच विचार.

तुला माफ केलं असं लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. पुढे करीन की नाही ते मला माहीत नाही.

आईला रोज चार वाजता पलंगावरून खुर्चीत बसवायचं असतं, खिडकीशी. डॉक्टरांनी सांगितलंय, एक दिवससुद्धा चुकवायचं नाही. एकाने खांदे धरायचे, एकाने कमरेखाली हात घालायचा. आठवडाभर मी चार वाजता कारखान्यातून घरी येऊन जाते आणि शेजारची मुलगी हात लावते. शनिवार-रविवार ती नसते, आणि ह्यांची पाठ धरलीय, त्यांना वाकू देत नाही.

शनिवारी चारच्या आत ये. येऊ का म्हणून विचारू नकोस. मला एकटीने होत नाही.

ताई